अकरावी खोड

त्याचं खरं नाव विचारण्याची वेळ कुणावर आली नाही. सगळे त्याला बदली म्हणत. कुणाचा ड्रायव्हर आजारी पडला, कुणाचा मालकाशी भांडून घरी बसला, की त्या घरून निरोप यायचा, बदलीला पाठवा. चार दिवस, आठ दिवस, फार तर महिनाभर. मूळ माणूस परतला की हा किल्ली त्याच्या हातावर ठेवून मोकळा. चाळीस वर्षं त्याने अशीच काढली आणि एकाही घरात तो कायम झाला नाही. दोनतीनदा तशी बोलणी झाली होती, पण दर वेळी मूळ ड्रायव्हर खडखडीत बरा होऊन हजर व्हायचा, आणि हा मनातल्या मनात खजील व्हायचा, की आपण दुसऱ्याच्या दुखण्यावर कशाला डोळा ठेवून बसलो.

बायको होती तोवर त्याला चिडवायची, की आमच्याकडेसुद्धा बदलीवरच आलाय की काय. ती गेली त्याला नऊ वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. इस्त्रीच्या दुकानावरच्या एका खोलीत तो राहायचा, आणि खालून येणारी गरम कपड्यांची वाफ जिन्यातून वर चढली की सकाळ झाली असं समजायचा.

बदलीपणाचा एक फायदा मात्र होता. कायमच्या ड्रायव्हरला एकच गाडी कळते. याला शहरातल्या पन्नासएक गाड्या कळायच्या. आणि त्या वेळच्या गाड्या नुसत्या चालवता येऊन भागत नसे, त्या कळाव्याच लागत. वकिलांच्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे पुरतं वळवलं की हॉर्न आपोआप वाजायचा. कोर्टाचं फाटक नेमकं उजव्या हाताला. रोज सकाळी वकीलसाहेब हॉर्न वाजवत आत शिरत आणि फाटकावरचा शिपाई दचकून सलाम ठोकत असे. तो सलाम आपल्या वकिलीला आहे अशी त्यांची शेवटपर्यंत समजूत होती, आणि एकाही ड्रायव्हरने ती मोडली नाही.

गिरणीवाल्यांच्या लांबलचक गाडीची पुढची सीट चढाला लागली की मागे घसरायची. त्यांचा मूळ ड्रायव्हर ताडमाड उंच, त्याला फरक पडत नसे. बदली बेताच्या उंचीचा. पहिल्याच चढावर क्लच, ब्रेक सगळे त्याच्या पायांपासून लांब गेले, आणि मागे बसलेल्या गिरणीवाल्यांच्या आईंनी जे डोळे मिटले ते घरी पोचल्यावरच उघडले. तेव्हापासून तो खिशात एक लाकडी पाचर बाळगायचा. डॉक्टरीणबाईंची छोटी गाडी थंडीत ढकलल्याशिवाय चालूच व्हायची नाही. ती कायम उतारावर उभी करावी लागे, म्हणून त्यांनी शेवटी दवाखानाच चढावरच्या गल्लीत हलवला. रोगी धापा टाकत वर यायचे आणि बाई आधी धाप तपासायच्या. फोटोग्राफरच्या गाडीचं मागचं दार उजव्या वळणावर आपोआप उघडायचं, ते दोरीने बांधून ठेवलेलं असे. एका गाडीला वळण दाखवायला दिव्यांऐवजी दोन छोटे लाल हात होते. दारांमधल्या खांबातून ते टुणकन बाहेर यायचे. त्यातला डावा अडकायचा. त्याला आतून कोपराने एक ठोसा द्यावा लागे, आणि तोही नेमक्या जागी.

जुन्या गाड्या माणसांसारख्या होत्या, असं म्हणायची हल्ली पद्धत पडली आहे. बदलीला ते मुळीच पटत नसे. माणसं कुठे इतकी सरळ असतात. गाडीची खोड एकदा कळली की कळली. ती उद्या तोंड फिरवत नाही.

ड्रायव्हर लोकांत त्या वेळी एक रीत होती. गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना नुसती किल्ली द्यायची नाही, खोडी सांगायच्या. नव्याने स्टिअरिंगवर बसायचं, जुन्याने शेजारी, आणि एक फेरी होईतो जुन्याने गाडीच्या सगळ्या खोडी बोटांवर मोजत सांगायच्या. फेरी संपली की विचारायचं, किती झाल्या. नव्याने आकडा सांगायचा, जुळला की किल्ली त्याची. मालकाशी कितीही भांडण झालेलं असो, नोकरीवरून हाकललेलं असो, खोड लपवायची नाही.

एकदा एकाने लपवली होती. कापडवाल्यांनी त्याला तडकाफडकी काढलं म्हणून रागाच्या भरात त्याने नव्या माणसाला एवढंच सांगितलं नाही, की या गाडीचा ब्रेक दोनदा दाबावा लागतो. गाडी कापडवाल्यांच्याच दुकानाच्या पायरीवर चढली. कुणाला लागलं नाही, पायरीचा दगड तेवढा फुटला. पण बँकेसमोरच्या झाडाखाली, जिथे सगळे ड्रायव्हर मालकांची वाट बघत बसायचे, तिथे त्या दिवसापासून त्या माणसाला जागा मिळाली नाही. तो आला की बोलणं थांबायचं. बदलीही त्याच्याकडे पाठ करून बसला होता. महिन्याभरात तो माणूस कुठे निघून गेला कुणाला कळलं नाही, आणि कुणी चौकशीही केली नाही.

मग हळूहळू गाड्याच बदलल्या. बटण दाबलं की चालू, आणि काही बिघडलं तर समोरच्या पडद्यावर लिहून येणार. त्यांच्यात सांगण्यासारखं काही उरलं नाही. लोक स्वतःच गाड्या चालवू लागले. बदलीला येणारे निरोप आटत गेले, झाडाखालचे सोबतीही एकेक करून गेले. झाड अजून आहे. त्याच्या बुंध्याला, इथे वाहनं उभी करू नयेत, असा पत्रा ठोकला आहे.

उरली होती एकच गाडी. बाईंची.

बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आता निवृत्त. त्यांचे यजमान जमीनमोजणी खात्यात होते आणि आपली फुगीर बॉनेटची राखाडी गाडी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. दहा वर्षांपूर्वी ते गेले. महिनाभराने गाडी उभ्या उभ्या बंद पडली, तेव्हा बाईंनी बदलीला बोलावून घेतलं. दर रविवारी या, हिला तासभर फिरवून आणा, नाहीतर ती मरेल, एवढंच त्या म्हणाल्या. म्हणजे इथेही तो बदलीच होता. फक्त या वेळी मूळ माणूस परत येणार नव्हता. हा विचार त्याच्या मनात पहिल्याच रविवारी आला आणि त्याची त्याला फार लाज वाटली.

या गाडीला अकरा खोडी होत्या. यजमान कुणाला काही सांगून गेले नव्हते, त्यामुळे त्या सगळ्या बदलीने स्वतः शोधून काढल्या. चोक दोन बोटंच ओढायचा, जास्त ओढला की गाडी पेट्रोल पिऊन गप्प बसते. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, तो पहिल्यातून दुसऱ्यात नेताना मुठीत धरायचा नाही, तळहाताने लोटायचा आणि मध्ये श्वासभर थांबायचं. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. तो खाली आला तर समजायचं की टाकी कधीच संपली आहे. वायपर चालू असताना ॲक्सिलरेटर दाबला तर ते झोपतात, पाय उचलला की उठतात. मोठे दिवे छोटे करायचं बटण जमिनीवर, डाव्या पायाशी, पण त्याला टाच लागते, चवडा चालत नाही. अशा दहा.

अकरावी खोड निराळी होती. गाडी तापलेली असताना बंद केली की पुन्हा चालू व्हायची नाही. इंजिनाच्या कडेला पेट्रोल ओढणारा एक वाटीएवढा पंप असतो, त्यात वाफ धरायची. त्यावर एकच उपाय होता. बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि दहा मिनिटं गप उभं राहायचं.

दर रविवारी नऊ वाजता बदली बाईंच्या दारात उभा राहायचा. बाई दार उघडून म्हणायच्या, ‘आलात?’ अख्ख्या आठवड्यात त्याला असं म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. खालचा इस्त्रीवाला रोज काहीबाही बोलायचा, पण तो जाणाऱ्या येणाऱ्या सगळ्यांशीच बोलायचा. बाई मागे बसायच्या, गाडी शहराबाहेर निघायची आणि पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर जाऊन थांबायची. उभी गाडी चालू ठेवलेली बाईंना खपत नसे. इंजिन बंद करायला लावून त्या खाली उतरायच्या, जरा वेळ खालच्या घरांकडे बघायच्या. मग निघू म्हणायच्या, आणि गाडी अर्थातच निघायची नाही.

बदली बॉनेट उघडायचा. बाई आपली पाण्याची बाटली पुढे करायच्या, तो फडकं भिजवून पंपावर ठेवायचा. बाई मनगटावरच्या घड्याळात बघायच्या. दोघं बॉनेटच्या दोन बाजूंना उभे, आणि बाई विचारायच्या, ‘आज कुणाची?’ मग बदली एखाद्या जुन्या गाडीची खोड सांगायचा. वकिलांचा हॉर्न, गिरणीवाल्यांची सीट, हाताने हँडल मारून चालू करायच्या गाडीत अंगठा बोटांच्याच बाजूला का ठेवायचा आणि तो न ठेवल्याने कुणाचा मोडला होता. तीच गोष्ट पुन्हा आली तर बाई शाळेतल्यासारखं बोट वर करून म्हणायच्या, ही मागे सांगितलीत. तसं फार क्वचित व्हायचं. दहा वर्षांत पाचशे रविवार झाले असतील आणि त्याने जेमतेम चारपाच गोष्टी दोनदा सांगितल्या. बाईंना या गोष्टीचं फार कौतुक होतं. आमच्या शाळेत तुमच्यासारखी पाठांतराची एक मुलगी नव्हती, असं त्या एकदा म्हणाल्या. ते वाक्य त्याला आठवडाभर पुरलं.

दहा मिनिटं झाली की बाई ‘झाली’ म्हणायच्या आणि गाडी चालू व्हायची. परतल्यावर ओट्यावर चहा, दोन बिस्किटं, आणि मग पुढच्या रविवारपर्यंत कुणाशी काही बोलायची वेळ यायची नाही.

अशाच एका दहा मिनिटांत बाईंनी त्याला सांगितलं, की गुडघे आता जिने चढू देत नाहीत, भाचीने तळमजल्यावर एक खोली तयार करून ठेवली आहे, महिनाअखेरीस तिकडे जायचं. घर विकलं. गाडी एका दातांच्या डॉक्टरने घेतली आहे. माणूस चांगला वाटतो, त्याला ती चालवायला हवी आहे, दिवाणखान्यात शोभेला ठेवायला नाही.

‘तुम्ही त्याला सगळं नीट सांगाल ना?’ बाईंनी विचारलं.

‘सांगतो की,’ बदली म्हणाला. त्या दिवशी त्याने कुणाचीच खोड सांगितली नाही, आणि बाईंनीही विचारली नाही.

पुढच्या रविवारी डॉक्टर आला. चाळिशीचा, हसरा, स्वच्छ हातांचा. बदलीला तो पहिल्या वाक्यापासून काका म्हणू लागला. रीतीप्रमाणे डॉक्टर स्टिअरिंगवर बसला, बदली शेजारी, आणि गाडी गल्लीतून बाहेर पडली. डॉक्टर मन लावून ऐकत होता. दुसऱ्या गिअरला जाताना तो मध्ये बरोबर श्वासभर थांबला तेव्हा बदलीला बरंही वाटलं आणि कुठेतरी खुपलंही. चोक झाला, काटा झाला, वायपर झाले. बोटं दुमडत दुमडत तो दहाव्या बोटाशी आला आणि तिथेच थांबला.

हे ठरवून झालं नव्हतं असं म्हणता येणार नाही. आठवडाभर त्याच्या डोक्यात तेच घोळत होतं. डॉक्टर कुठेतरी जाईल, गाडी तापेल, बंद करेल, पुन्हा चालू होणार नाही. मग तो फोन करेल. आपण फडकं घेऊन जाऊ, बॉनेट उघडू, आणि दहा मिनिटं डॉक्टर पलीकडे उभा राहील. सुशिक्षित माणूस आहे, काहीतरी विचारेलच. यात कुणाला इजा नाही, हा काही ब्रेक नव्हे. त्याने स्वतःची अशी पुष्कळ समजूत घातली. खरं एवढंच होतं, की ती दहा मिनिटं त्याच्याकडून दुसऱ्याच्या हवाली होईनात.

गाडी परत ओट्याशी येऊन थांबली. बाई तिथे पुस्तकांचे गठ्ठे बांधत बसल्या होत्या.

‘किती झाल्या?’ बदलीने विचारलं.

‘दहा,’ डॉक्टर म्हणाला.

‘बरोबर. दहा.’

बाईंचा सुतळीवरचा हात थांबला. त्यांनी मान वर करून बदलीकडे पाहिलं. बदली किल्लीकडे बघत होता. क्षणभराने बाईंनी गाठ मारली आणि म्हणाल्या, चहा घेऊन जा. ज्यांच्यापुढे मान खाली घालावी लागली असती ते झाडाखालचे सगळे कधीच गेले होते. तरी चहा पिताना, मागून कुणी बघतंय असं वाटून, बदलीने पाठ भिंतीकडे करून घेतली.

बाई भाचीकडे गेल्या. जाताना त्यांनी वहीचा कागद फाडून त्यावर भाचीकडचा नंबर सुवाच्य अक्षरात लिहून दिला, फोन करत जा म्हणाल्या. बदलीने तो कागद पाकिटात ठेवला. पण दहा वर्षं ज्यांच्याशी बॉनेट मध्ये ठेवून बोललो त्यांच्याशी फोनवर कसं बोलायचं हे त्याला सुचेना. शिवाय त्या विचारणार, सांगितलंत का सगळं.

तो फोनची वाट बघू लागला. फोन सतत खिशात, आंघोळीला गेला तरी मोरीच्या फळीवर. आठवड्यात तो दोनदा वाजला. एकदा कर्ज हवं का म्हणून एक मुलगी विचारत होती. तिच्याशी तो इतका अदबीने बोलला की तीच कंटाळून फोन ठेवून गेली. दुसऱ्यांदा राँग नंबर होता. रविवारी त्याने दाढी केली, धुतलेला शर्ट घातला, फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि नऊपासून बारापर्यंत खिडकीशी बसून राहिला. दुसऱ्या रविवारीही तेच. इस्त्रीवाल्याने खालून विचारलं, आज कुठे लग्नाला का. बदली म्हणाला, एक काम यायचंय. हे खोटं नव्हतं असं त्याचं म्हणणं.

तिसऱ्या रविवारी त्याच्याने राहवलं नाही. गाडी बंद पडून कुठे धूळ खात उभी असली तर, असं स्वतःला बजावून तो निघाला. खरं तर त्याला एवढंच हवं होतं, की कुणीतरी आलात म्हणावं.

डॉक्टरचा दवाखाना खाली आणि घर वर होतं. गाडी दारात उभी होती, धुऊन पुसून लख्ख, इंजिन चालू. मागच्या सीटवर डॉक्टरची आई शाल पांघरून बसली होती. डॉक्टरने बदलीला पाहिलं आणि तो मनापासून आनंदला. या या काका म्हणत त्याने हात धरून त्याला गाडीभोवती फिरवलं आणि दारांना बसवलेली नवी रबरं दाखवली. गाडी कशी चालते म्हणून बदलीने विचारलं, तर डॉक्टर म्हणाला, एकदम झकास, फक्त एकदाच घोटाळा झाला. दुसऱ्याच रविवारी संध्याकाळी बाजाराच्या चौकात फळं घ्यायला थांबले आणि गाडी काही केल्या चालू होईना. मागे हॉर्नवर हॉर्न. काकांना सुट्टीच्या दिवशी कशाला त्रास द्यायचा, म्हणून त्याने बाईंनाच फोन लावला.

डॉक्टर बाईंना फोन करेल, हे बदलीच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. बाटली बाईंची, घड्याळ बाईंचं, पाचशे रविवार त्या शेजारी उभ्या, आणि त्याने मात्र ती खोड आपली एकट्याची मानली होती.

‘त्यांनी आधी गाडी कुठे उभी आहे ते विचारलं,’ डॉक्टर सांगत होता. ‘मग फडक्याचं, दहा मिनिटांचं सगळं सांगितलं. पंप कुठे असतो तेसुद्धा. मी म्हटलं, काका हे बोलले नव्हते. तर म्हणाल्या, विसरले असतील हो, वय झालं.’

बाईंनी त्याला पाठीशी घातलं होतं. बदली विसरत नाही याची बाईंइतकी खात्री जगात कुणाला नव्हती, आणि तरी त्यांनी ते म्हटलं होतं. तेवढ्यात डॉक्टर घुटमळला, आईकडे एकदा बघून त्याने आवाज खाली केला. म्हणाला, खरं सांगायचं तर आमच्या मनात वेगळंच होतं. रविवारी सकाळी माझा दवाखाना असतो, आणि आईला या गाडीतून फिरायला फार आवडतं. दर रविवारी तुम्हीच तिला फिरवून आणावं असं आमचं ठरलं होतं. फोन करणारच होतो. पण मग हे झालं. घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं, की आज फडकं विसरले, उद्या दुसरं काही विसरले तर. आईचा प्रश्न आहे. आज दवाखाना बंद ठेवलाय, पुढच्या आठवड्यापासून एक मुलगा येईल.

ज्यासाठी लपवलं ते न लपवता मिळणार होतं. आता दोनच वाटा होत्या. हो म्हणावं, हल्ली विसरतो, आणि अब्रू राखून घरी जावं. नाहीतर खरं सांगावं. त्याच्या डोळ्यांसमोर झाडाखालच्या सगळ्या पाठी उभ्या राहिल्या, आणि त्यांतली एक त्याची स्वतःची होती.

‘विसरलो नव्हतो, डॉक्टर,’ तो म्हणाला. ‘मुद्दाम सांगितलं नव्हतं.’

‘मुद्दाम? ते का?’

‘तुम्ही मला फोन करावा म्हणून.’

इतकं सांगताना त्याचे कान तापले. चाळीस वर्षांत कुणापुढे असं बोलायची पाळी आली नव्हती. डॉक्टर आता चिडेल, बाजारातली फजिती आठवून दोन शब्द सुनावेल, असं त्याला वाटलं. ते त्याला चाललं असतं. डॉक्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

‘असू दे हो काका. माझे वडीलसुद्धा शेवटी शेवटी असंच म्हणायचे. विसरलो नाही, मुद्दाम केलं.’

बदलीला आधी कळेचना. मग कळलं आणि तो घाईने बोलू लागला. त्याने वकिलांचा हॉर्न सांगितला, कोर्टाचं फाटक कुठल्या हाताला होतं ते सांगितलं, गिरणीवाल्यांची सीट, फोटोग्राफरच्या दाराची दोरी किती हात लांब होती, लाल हाताला ठोसा कुठे द्यायचा. याच गाडीच्या अकराच्या अकरा खोडी त्याने एका दमात म्हणून दाखवल्या, आधी सुलट आणि मग उलट. डॉक्टर मान हलवत शेवटपर्यंत ऐकत राहिला. घाई असूनही त्याने मध्ये तोडलं नाही, तो खरोखरच चांगला माणूस होता. बदली दम घ्यायला थांबला तेव्हा डॉक्टर खिडकीतून आईला म्हणाला, ‘बघ, जुनं कसं लख्ख आठवतं. असंच असतं ते.’

आईने मान डोलावली. तिने बदलीकडे मायेने पाहिलं आणि सरकून जागा केली. एवढ्या उन्हात चालत कुठे जाता, आम्ही सोडतो, असं ती म्हणाली. नको म्हणायचं बळ बदलीत उरलं नव्हतं. पुढच्या सीटवर फळांची टोपली होती. डॉक्टरने त्याला दंडाला धरून, डोकं सांभाळा म्हणत, मागे बसवलं, दार लावून घेतलं आणि ते नीट लागलं का ते दोनदा ओढून पाहिलं. मग स्टिअरिंगवर बसून तो मागे वळला आणि शब्द न् शब्द सुटा करत म्हणाला, ‘काका, घर कुठे ते लक्षात आहे ना?’

बदलीने सांगितलं. पोस्टापर्यंत सरळ, तिथून डावीकडे, शाळेची भिंत संपली की दुसरी गल्ली, इस्त्रीचं दुकान, त्याच्यावरची खोली.

‘अगदी बरोबर,’ डॉक्टर म्हणाला. त्याने ते घर कधी पाहिलेलं नव्हतं.